मदत हवी आहे: हदीसच्या सनदीबद्दल एक शंका

नमस्कार मंडळी. गेले काही महिने हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आचरण यांच्या नोंदी, कशा जपल्या गेल्या ते वाचतोय आणि एका जागी अडकलोय.

इमाम बुखारींच्या 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस घ्या, 'कर्मे हेतूंवर अवलंबून असतात'. तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, अशी: हुमैदी, सुफियान, यह्या बिन सईद, मुहम्मद बिन इब्राहीम, अलकमा आणि शेवटी पैगंबरांचे सोबती हजरत उमर. सहा नावं, एकाने दुसऱ्याकडून ऐकलेलं. ही साखळी वहीत उतरवून काढताना अंगावर काटा आला. बुखारींचं निधन 870 सालचं, उमरांचं 644 सालचं, आणि मधला प्रत्येक दुवा नावानिशी हजर!

माझी अडचण पुढे आहे. उमरांनी हे मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या आसनावरून), म्हणजे भरल्या मशिदीत सांगितलं. तरी त्यांच्याकडून ते पुढे नेणारा भरवशाचा रावी (हदीस सांगणारा) एकटा अलकमा. थेट यह्यांपर्यंत एकेकच माणूस, आणि त्यांच्यापासून मात्र ऐकणाऱ्यांची रीघ. मग बाकीचे श्रोते कुठे गेले? एवढ्या बारीक धाग्यावरची हदीस मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) सहीह, म्हणजे अस्सल, कोणत्या कसोटीवर ठरवली? रावीची सचोटी आणि स्मरणशक्ती पाहत, एवढं मला ठाऊक आहे. पण ते प्रत्यक्षात तपासत कसे?

मदरशात शिकलेलं किंवा अरबी जाणणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. मराठीत किंवा सोप्या उर्दूत या विषयावर काही वाचण्यासारखं असेल तर तेही सांगा. अरबी मला अक्षरं लावून वाचण्याइतपतच येते.