शेवटचा शब्द कुणाचा: देशाच्या घटना न्यायालयाचा, की देशाबाहेरच्या कोर्टाचा?

भाऊसिंगजी रोड (धागाकर्ता)
१८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडं कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्याआधी एका तारखेसाठी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि पुढची तारीख घेऊन त्याच रात्री परत फिरायचं. मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसल्या जागी झोपलेले पक्षकार मी वकिली करताना खूप बघितलेत. त्यामुळं 'वरचं कोर्ट' म्हटलं की आपल्याला आधी अंतर आठवतं. पण देशाच्याही वर कोर्ट असेल तर? युरोपात साठ वर्षं हा वाद चाललाय. तो मिटला नाही हेच बरं झालं, असं माझं मत आहे.

सुरुवात झाली ती लाईट बिलावरून. इटलीनं १९६२ मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानच्या कोस्टा नावाच्या वकिलाचे त्यातल्या एका कंपनीत शेअर्स होते. त्यांनी १,९२५ लिराचं बिल भरायला नकार दिला. किरकोळ रकमेचे दावे चालवणाऱ्या स्थानिक न्यायाधीशानं प्रश्न रोमच्या घटना न्यायालयालाही विचारला आणि लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयालाही. रोमनं सांगितलं, युरोपीय करारानंतर केलेला देशाचा कायदा चालेल. चारच महिन्यांनी, जुलै १९६४ मध्ये, लक्झेंबर्गनं सांगितलं, युरोपचा सामायिक कायदा देशाच्या कायद्याच्या वर.

मग जर्मनीतल्या एका व्यापारी कंपनीची केस. २०,००० टन मक्याचं पीठ निर्यात करायचा परवाना घेतला, मुदतीत तेवढा माल गेला नाही, अनामत जप्त झाली. कंपनी म्हणाली, हे आमच्या घटनेतल्या हक्कांविरुद्ध आहे. लक्झेंबर्ग म्हणालं, युरोपचा कायदा देशाच्या घटनेवर तपासता येणार नाही. तेव्हा १९७४ मध्ये कार्ल्सरूहच्या जर्मन घटना न्यायालयानं एक शब्द वापरला, त्याचा अर्थ 'जोपर्यंत'. जोपर्यंत युरोपकडं स्वतःची मूलभूत हक्कांची सनद नाही, तोपर्यंत आम्ही तपासणार. पुढं लक्झेंबर्गनं आपल्या निकालांत हक्कांची कसोटी पक्की केली, आणि १९८६ मध्ये कार्ल्सरूहनं तोच शब्द उलटा फिरवला: जोपर्यंत तुम्ही हक्क जपताय, तोपर्यंत आम्ही तपासणार नाही.

या दोघांत एकालाच कायमचा शेवटचा शब्द दिला असता, तर त्या कंपनीसारख्यांचा हक्काचा मुद्दा ऐकूनच घेतला गेला नसता. म्हणून म्हणतो, एकमेकांवर नजर राहू द्या.

शिरोळचा ऊसकरी
वकीलसाहेब, तुमचा एकमेकांवर नजर ठेवायचा हिशोब ऐकायला चांगला आहे. आमच्यावर काय आलंय ते बघा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं भारताच्या उसावर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या पॅनेलनं निकाल दिला, की सलग पाच हंगाम भारतानं उसाला उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आधार दिला. त्यात आमची एफआरपी मोजली. एफआरपी म्हणजे अनुदान नव्हे, कारखान्यानं आमच्या घामाचा द्यायचा किमान दर. रात्री लाईट असेल तेव्हा पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाला तो दर द्यायचा का नाही, हे जिनिव्हात बसलेली तीन माणसं ठरवणार? त्यांना मत कुणी दिलं? शेवटचा शब्द आपल्या संसदेचा, आणि वाद झाला तर आपल्या सुप्रीम कोर्टाचा. यात 'जोपर्यंत' वगैरे काही नको.

विधी, तिसरं वर्ष
काका, एफआरपीबद्दल तुमच्याशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. तुम्ही शिरोळचे. २०१९ चा पूर तुमच्या दारात आला होता. अलमट्टीच्या पाण्याचा वाद कर्नाटकच्या कोर्टात न्यायला तुम्ही तयार झाला असता का? नाही ना. कृष्णा सगळ्यांची, म्हणून लवाद सगळ्यांच्या वरचा लागतो.

आणि दादा (भाऊसिंगजी रोड), तुम्ही जर्मनीचीच गोड गोष्ट सांगितलीत, पोलंडची टाळलीत. तिथं सरकारनं आधी घटना न्यायाधिकरणात आपली माणसं बसवली. मे २०२१ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानंच सांगितलं, की त्यातल्या एका न्यायाधीशाची नेमणूक इतकी बेकायदा आहे, की ते खंडपीठ कायद्यानं स्थापन झालेलं न्यायालयच ठरत नाही. त्याच न्यायाधिकरणानं ७ ऑक्टोबर २०२१ ला जाहीर केलं, की युरोपीय करारातली काही कलमं पोलंडच्या घटनेत बसत नाहीत. देशातल्या न्यायाधीशांवर शिस्तभंगाची टांगती तलवार असताना त्यांना आसरा कुठं मिळाला? लक्झेंबर्गला. त्यानं त्याच महिन्यात पोलंडला दिवसाला १० लाख युरो दंड लावला. घटनेचं नाव घेऊन सत्ताधारी घटनाच वाकवतात तेव्हा बाहेरचं कोर्ट हाच शेवटचा आधार उरतो. म्हणून शेवटचा शब्द वरच्याच कोर्टाचा हवा.

शिरोळचा ऊसकरी
ताई, पुराचं बरोबर बोललीस. पण कृष्णेच्या लवादाला अधिकार आपल्याच घटनेनं दिलाय, कलम २६२. जिनिव्हाला घटनेत कुठं जागा आहे?

विधी, तिसरं वर्ष
इटलीच्या घटनेत आहे की. कलम ११: बाकीचे देश बरोबरीनं तेच करत असतील, तर सार्वभौमत्वावर मर्यादा घ्यायला आम्ही तयार. म्हणजे लक्झेंबर्गलाही अधिकार घटनेनंच दिलाय.

राजारामपुरी
मग देणाऱ्याला परत घेता येणार का, तिथंच गाडी अडते. आपल्या सुप्रीम कोर्टानं केशवानंद भारती खटल्यात, १९७३ ला, सात विरुद्ध सहा मतांनी सांगितलं, की संसदेलाही घटनेचा पाया बदलता येत नाही. जी वस्तू संसदेच्या मालकीची नाही, ती संसद करार करून परक्या कोर्टाच्या ताब्यात कशी देईल? त्यामुळं पायापुरता शेवटचा शब्द देशातच राहणार. बाकी सगळं वरच्या कोर्टाकडं जाऊ द्या, माझी हरकत नाही.

भाऊसिंगजी रोड (धागाकर्ता)
पोलंड मी टाळलं, हे खरं आहे. त्याहून अवघड गोष्ट मीच मांडतो. मे २०२० मध्ये कार्ल्सरूहनं युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीबाबतचा लक्झेंबर्गचा निकाल अधिकाराबाहेरचा ठरवला. दीड वर्षात वॉर्सॉनं तेच हत्यार उचललं. म्हणजे 'जोपर्यंत' म्हणणारं कोर्ट स्वतः स्वतंत्र असलं पाहिजे, ही अट मी पहिल्या पोस्टमध्ये घालायला हवी होती. ती आता घालतोय.

पण विधी, वरच्या कोर्टाचा निकाल घरापर्यंत पोचवायलाही देशाचंच कोर्ट लागतं. जर्मनीत एका बापाला न विचारता त्याचं मूल दत्तक द्यायला काढलं होतं. स्ट्रासबर्गनं २००४ मध्ये बापाच्या बाजूनं निकाल दिला, तरी तिथल्या प्रांताच्या उच्च न्यायालयानं तो आपल्याला बंधनकारक नाही म्हणून बाजूला ठेवला. त्याच वर्षी कार्ल्सरूहनं त्या कोर्टाला सुनावलं, की स्ट्रासबर्गचा निकाल विचारात घ्यावाच लागेल. बापाला भेटीचा हक्क मिळाला तो दोन्ही कोर्टांमुळं.

विधी, तिसरं वर्ष
हे मान्य. आणि काका, जिनिव्हाचं अपील जानेवारी २०२२ पासून पडून आहे, कारण डिसेंबर २०१९ पासून तिथल्या अपिलीय मंडळात कोरम भरेल एवढे सदस्यच नाहीत. आज रिकाम्या खुर्च्यांमुळं एफआरपी वाचली. उद्या आपल्या मालावर कुणी अन्याय केला, तर आपणही त्याच रिकाम्या खुर्च्यांपुढं उभे राहणार.

शिरोळचा ऊसकरी
खुर्च्या भराव्यात, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या गोष्टीतला मिलानचा माणूस लाईट बिल घेऊन गावच्या न्यायाधीशाकडं गेला आणि त्याचा प्रश्न लक्झेंबर्गला पोचला. मक्याचं पीठवालाही स्वतः पोचला. जिनिव्हात फक्त सरकारं बोलतात. माझा ऊस, माझा दर, आणि माझा कागद तिथं न्यायला एकही दार नाही. तसं दार ठेवलेलं कोर्ट आणा, मग शेवटचा शब्द त्याचा का नको, यावर मी तुमच्याशी बसून बोलेन.