बिलिंगच्या कॉम्प्युटरला कार्ड मशीन जोडायचंय, आधी काय काय विचारून घेऊ?

माहेश्वरी_काठ (इंदूर)

नमस्कार मंडळी. राजवाड्याजवळ, गोपाल मंदिराच्या बाजूच्या गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे. माहेश्वरी आणि चंदेरी जास्त, लग्नसराईत थोड्या पैठण्या. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, गेली सहा वर्षं गल्ल्यावर मी बसते. बिल कॉम्प्युटरवर निघतं, कार्डाचं मशीन मात्र सुटं. बिलावरची रक्कम बघायची आणि मशीनवर हाताने दाबायची, असा आजवरचा कारभार.

मागच्या शनिवारी गर्दीत पोऱ्याने ८,४५० च्या जागी ४,८५० दाबले. बाईंनी पिन टाकला, चिठ्ठी निघाली, साडी पिशवीत गेली. रात्री रोजमेळ लावायला बसले तर कॉम्प्युटर म्हणतो कार्डाची विक्री ६२,३००, मशीनची चिठ्ठी म्हणते ५८,७००. मी एकेक बिल उलगडायला लागले. सासरे शेजारी चहा पीत होते, वय ८१. म्हणाले, फरक किती? म्हटलं ३,६००. "नवाने भाग जातोय ना, मग आकडे उलटे पडलेत. हजाराच्या आणि शेकड्याच्या आकड्यात चाराचा फरक असेल ते बिल बघ." दोन मिनिटांत सापडलं! बाई भल्या, फोन केल्यावर उरलेले यूपीआयने पाठवले. पण दर वेळी गिऱ्हाईक भलं आणि सासरे जागे असतील असं थोडंच आहे.

तर आता बिलाची रक्कम आपोआप मशीनवर जावी अशी सोय करायची आहे. काउंटर दोन आहेत. मशीन देणारा माणूस येऊन गेला, "मॅडम, सगळ्या कार्डांना १.८ टक्के, डोळे झाकून सही करा" म्हणाला. डोळे झाकायला सांगितलं म्हणूनच इथे विचारते आहे.

वायरवाला (ग्वाल्हेर)

ताई, दुकानांत बिलिंग बसवून देणं हाच माझा धंदा. जोडणी होते आणि करूनच घ्या. पण पहिला फोन मशीनवाल्याला करू नका, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला करा. तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीच्या, कोणत्या मॉडेलच्या मशीनशी बोलतं ते त्याच्याकडून लिहून घ्या. मशीनवाले सगळेच "हो, होतं" म्हणतात. मशीन आल्यावर कळतं की होतं, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर.

जोडणी तीन तऱ्हेची. एक, मशीन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला. दोन, दोघं एकाच वायफायवर. तीन, रक्कम इंटरनेटवरून मशीनवाल्याच्या सर्व्हरला जाते आणि तिथून मशीनवर उतरते. केबल सगळ्यात भरवशाची, पण तिची एक खोड आहे. विंडोज त्या केबलला कॉम ३, कॉम ४ असा एक पोर्ट नंबर देतं आणि बिलिंगमध्ये तोच नंबर भरलेला असतो. सकाळी झाडू मारताना कोणी केबल काढली आणि शेजारच्या भोकात खुपसली की नंबर बदलू शकतो. मग "मशीन बिघडलं" म्हणून मला फोन. माझे निम्मे फेरे याच्यापायी होतात. केबल जिथे आहे तिथे चिकटपट्टी लावून टाका.

गल्लीत मशीनच्या सिमकार्डाला रेंज कशी येते तेही बघा. जाड भिंतींच्या जुन्या दुकानात मशीन उंबऱ्याशी चालतं आणि गल्ल्यापाशी गप्प बसतं. वायफायवर चालणारं आणि सिमही असलेलं मागा.

हिशेबनीस (बडोदा)

सगळ्या कार्डांना १.८? अजिबात सही करू नका.

डेबिट कार्डाच्या एमडीआरला, म्हणजे दुकानदाराकडून कापतात त्या कमिशनला, रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला १,००० रुपयांच्या वर नाही. २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, २०० रुपयांपर्यंत. रुपे डेबिट आणि यूपीआयला जानेवारी २०२० पासून शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस करायची. करारात दरांचा तक्ता मागा: डेबिट वेगळं, रुपे वेगळं, क्रेडिट वेगळं. मशीनचं भाडंही त्याच कागदावर हवं.

तुमच्याच साडीचा हिशेब मांडतो. ८,४५० क्रेडिटवर, दर १.८: कमिशन १५२.१०, त्यावर १८ टक्के जीएसटी २७.३८. खात्यात येणार ८,२७०.५२. वहीत विक्री ८,४५०च लिहायची आणि कमिशन खर्चात टाकायचं. जमा झालेला आकडा विक्री म्हणून लिहिणारे मी पाहिलेत, वर्षाअखेर त्यांचा ताळा कधी बसत नाही. तुम्ही नेहमीच्या जीएसटीत असाल (लहान धंद्यांच्या कंपोझिशन योजनेत नाही) तर ते २७.३८ तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात. व्यवहार २,००० पर्यंतचा असेल तर कमिशनवर जीएसटी लागतच नाही.

आणखी एक. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. क्यूआर स्कॅन झाला म्हणजे फुकट असं समजू नका, मोठ्या रकमेवर तिथेही कापतात.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

आमचं भांड्यांचं दुकान, काउंटर तीन. जोडणी झाली त्या दिवशीची गंमत सांगतो. पहिल्या काउंटरवर कुकरचं बिल केलं, रक्कम गेली तिसऱ्या काउंटरच्या मशीनवर. तिथे उभ्या गिऱ्हाइकाने आपलंच समजून कार्ड टेकवलं. दोन हजारांचं बिल, पाच हजारांपर्यंत टेकवलं की पिनही विचारत नाही, त्यामुळे थांबायला कोणाला सवडच मिळाली नाही. एकाचा कुकर दुसऱ्याच्या कार्डावर!

झालं होतं असं की प्रत्येक मशीनचा टीआयडी, म्हणजे ओळख नंबर, असतो, तो बिलिंगमध्ये त्या त्या काउंटरला बांधावा लागतो. बसवायला आलेल्या माणसाने दोन अदलाबदल केले होते. मशीनच्या पाठीवर रंगाने १, २ लिहा आणि पोरांना सांगा, मशीन उचलून इकडचं तिकडे करायचं नाही.

दुसरं, कधी मशीनवर "मंजूर" येतं आणि बिलिंगवर "फेल". मध्ये नेट गेलेलं असतं. लगेच पुन्हा कार्ड मागू नका. मशीनवर शेवटच्या व्यवहाराची चिठ्ठी परत काढा, त्यावर मंजुरीचा नंबर (अप्रूव्हल कोड) आला असेल तर पैसे निघालेत, बिल हाताने बंद करा. उलटही होतं, गिऱ्हाइकाचे पैसे कापले पण मशीनवर मंजुरी आलीच नाही. तेव्हा बँकेने पाच दिवसांत आपोआप परत करायचे असतात, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आलं की निम्मी भांडणं मिटतात.

माहेश्वरी_काठ (इंदूर)

सगळ्यांचे आभार. वायरवाले भाऊ, आमची केबल रोज झाडूत अडकते, तुम्ही दुकानात डोकावून गेलात की काय?

अजून दोन शंका. आमच्याकडे बायका निम्मे रोख, निम्मे कार्ड देतात (घरी दाखवायचं बिल वेगळं, हे तुम्हाला सांगायला नको). आणि साडी परत आली तर? सासरे कार्डावर दोन टक्के जास्त लावायचे, ते मी बंद केलं. बरोबर केलं ना?

वायरवाला (ग्वाल्हेर)

निम्मे-निम्मेसाठी आधी रोख भरायची, मग कार्ड दाबायचं, म्हणजे उरलेलीच रक्कम मशीनवर जायला हवी. डेमोत हे करून दाखवा म्हणा. काही सॉफ्टवेअर पूर्ण रक्कम पाठवतात.

साडी त्याच दिवशी, सेटलमेंटच्या (मशीनचा दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्याच्या) आधी परत आली तर व्हॉइड, पैसे कापलेच गेले नाहीत असं होतं. नंतर आली तर रिफंड, तो कार्डावर दिसायला काही दिवस लागतात. कार्डाच्या बिलाचे पैसे रोख परत देऊ नका, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो.

हिशेबनीस (बडोदा)

बरोबरच केलंत. डेबिटवर कमिशन गिऱ्हाइकाच्या माथी मारायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, क्रेडिटचं तुमच्या करारात वाचा.

माहेश्वरी_काठ (इंदूर)

कळवायचं राहिलं होतं. दरांचा तक्ता मागितल्यावर तो माणूस आठवडाभर आलाच नाही. दुसरीकडून घेतलं, तक्ता लिहून घेऊन. बसवायला येणाऱ्याने नेमकी रंगपंचमीची तारीख दिली होती. गेरच्या (रंगाच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्यापर्यंत तो पोचला असता का आणि कोणत्या रंगात, देव जाणे. मंगळवारी आला.

दोन्ही काउंटरवर एकेक रुपयाचं बिल करून बघितलं. पहिल्याचं पहिल्यावर, दुसऱ्याचं दुसऱ्यावर. मग निम्मे रोख, मग व्हॉइड, मग केबल काढून परत लावून. सासरे हातात चष्मा धरून समोर बसले होते. रात्री रोजमेळ लावला, फरक शून्य. ते म्हणाले, "परत मोज."

एकच उरलं. मशीनच्या चिठ्ठ्या दोन महिन्यांत पुसट होतात, त्यांचं काय करता?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

रात्री मोबाइलवर फोटो, तारखेच्या फोल्डरमध्ये. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, तिथे अजून लवकर उडतात.