मदत हवी आहे : सासू-सासरे, दोन पोरं आणि आयव्हिंगहो बीकनला जिओकॅशिंग

धागाकर्ती :

मंडळी, वॉटफर्ड, हेमेल, मिल्टन कीन्स बाजूला राहणारं कोणी असेल तर जरा सांगा. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, मे अखेरची बँक हॉलिडे आणि पोरांची हाफ टर्म (सत्राच्या मधली शाळेची सुट्टी) एकत्र आलीये, आणि लंडन आय, विंडसर वगैरे त्यांचं मागच्या वेळीच झालंय, त्यामुळे "आता गर्दी नको बाई, जरा मोकळ्यावर ने" असं सासूबाईंनी स्वच्छ सांगितलंय. मोठी मुलगी नऊ वर्षांची, तिला वर्गातल्या मैत्रिणीने जिओकॅशिंगचं वेड लावलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणीतरी डबा लपवतं, त्याचे कोऑर्डिनेट्स ॲपवर टाकतं, आपण फोन घेऊन शोधत जायचं, सापडला की आतल्या कागदावर नाव-तारीख लिहून होता तिथेच ठेवायचा. बस एवढंच. पण हीच पोरगी नुसतं चल म्हटलं की पाच मिनिटांत पाय दुखतात म्हणते आणि डबा शोधायचाय म्हटलं की आमच्या पुढे पळते, त्यामुळे मी याला फार नावं ठेवत नाही.

प्लॅन असा की यूस्टनच्या ट्रेनने ट्रिंग स्टेशनला उतरायचं आणि तिथून रिजवे ट्रेल ही पायवाट धरून आयव्हिंगहो बीकन टेकडीपर्यंत, वाटेत जमतील तेवढे डबे. सासरे रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारे, त्यांचं टेन्शन नाही, पण सासूबाईंचे गुडघे आणि धाकटा पाच वर्षांचा हे दोन प्रश्न आहेत. शिवाय:

ॲपमध्ये अर्धे ठिपके ग्रे दिसतात आणि टॅप केलं की प्रीमियम घ्या म्हणतं. एका दिवसासाठी पैसे भरावेत का? काही ठिपक्यांवर निळं प्रश्नचिन्ह आहे ते काय असतं? फोनवरची दिशा दाखवणारी सुई डब्याजवळ गेलं की वेड्यासारखी फिरते, आमच्या पार्कात आम्ही एकाच झुडपाभोवती प्रदक्षिणा घालत होतो आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा दोनदा वळून बघून गेले, नवऱ्याला इतकं ऑकवर्ड झालं की तो सरळ लांब बाकावर जाऊन बसला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाटेत टॉयलेट आहे का?

पुणेरी पाहुणा :

हे म्हणजे लहानपणीचा खजिना शोधच की. यात जीपीएस कुठून आलं? आणि डब्यात असतं काय?

ट्रिंगकर :

@पुणेरी पाहुणा, जीपीएसमुळेच तर सुरू झालं. आधी अमेरिका नागरी वापराचा सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायची, शंभर मीटरपर्यंत चूक यायची. २ मे २००० ला ते बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. डब्यात काही मौल्यवान नसतं हो, गोट्या, स्टिकर, किचेन असलं. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किमतीची दुसरी टाकायची. खाऊ मात्र टाकायचा नाही, प्राणी वासाने डबा फोडतात.

@धागाकर्ती, मी याच भागात राहतो. प्रीमियमवर पैसे घालवू नका. फुकट अकाउंटला ॲपमध्ये सोपे डबेच उघडतात, पण तेच अकाउंट ब्राउझरमध्ये उघडलं की फक्त प्रीमियमसाठी राखून ठेवलेले सोडून बाकीचे दिसतात. अँड्रॉइड असेल तर सी:जिओ हे ॲप टाका. आदल्या रात्री नकाशा आणि डबे ऑफलाइन सेव्ह करा, झाडीत रेंज जाते. निळं प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्टरी, तिथे सहसा डबा नसतो, घरी बसून कोडं सोडवलं की खरे आकडे मिळतात. पोरांबरोबर आहात तर हिरवेच (साधे, दाखवलेल्या जागीच असणारे) धरा.

प्रत्येक डब्याला दोन रेटिंग असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाच. सासूबाईंसाठी दुसरा आकडा बघायचा, दीडच्या वर गेला की आजी बाकावर आणि नातवंडं झुडपात. आकाराचंही बघा, "मायक्रो" म्हणजे जुनी कॅमेऱ्याच्या रोलची डबी किंवा त्याहून लहान, त्यात नुसता कागद, धाकटा रडेल. स्मॉल किंवा रेग्युलर निवडा.

खडूची माती :

सुईबद्दल. फोन मोकळ्यावर पाचेक मीटर आणि दाट झाडाखाली त्याहून जास्त चुकतो, आणि डबा लपवणाऱ्याचाही फोन तेवढाच चुकलेला असतो. त्यामुळे दहा मीटर राहिले की फोन खिशात घालायचा आणि डोळे वापरायचे. झाडाच्या बुंध्यातली पोकळी, कुंपणाच्या खांबाची मागची बाजू, उगाच नीट रचून ठेवलेल्या काटक्या. त्या काटक्या दिसल्या की समजायचं. खणायचं कुठेच नाही, जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरायला नियमातच बंदी आहे, आणि बीकनवर तर प्राचीन किल्ल्याचे अवशेष आहेत.

आकडे हाताने मॅपमध्ये टाकणार असाल तर सांभाळून. जिओकॅशिंगवाले अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, म्हणजे ५१ अंश ५०.५३२ असं. ते शेवटचे ५३२ सेकंद नव्हेत. ५३ सेकंद वगैरे समजून टाकलंत तर डबा राहील एकीकडे आणि तुम्ही मेंढ्यांमध्ये.

वळून बघणाऱ्यांचं सोडा. कोणी विचारलंच तर "जिओकॅशिंग" म्हणायचं, इकडे बहुतेकांना माहीत असतं, आणि पोरं बरोबर असली की कोणी विचारतही नाही. फक्त लोक बघत असताना डबा बाहेर काढू नका, मग तो गायब होतो.

ट्रिंगकर :

रूटचं राहिलं. स्टेशनपासून बीकन एका बाजूने तीन-साडेतीन मैल, जाऊन-येऊन दुप्पट, पाच वर्षांच्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना हे जड आहे. गाडी असेल तर दोन तुकड्या करा. तुम्ही, सासरे आणि मोठी स्टेशनहून चाला, आल्डबरी नाउअर्सची झाडी लागते, मे मध्ये फुलपाखरं छान असतात. नवरा, सासूबाई आणि धाकटा गाडीने बीकनजवळच्या नॅशनल ट्रस्टच्या (वारसा जपणारी संस्था) कार पार्कला येऊ देत, तिथून वर फार नाही. माथ्यावरून व्हिप्सनेडचा डोंगरावर कोरलेला पांढरा सिंह दिसतो, पोरांना तोच दाखवा.

टॉयलेट ट्रेलवर नाही. जवळच्या ॲशरिज इस्टेटच्या व्हिजिटर सेंटरला आहे, कॅफेही तिथेच, नाहीतर आल्डबरी गावातले पब. पाऊस पडून गेला असेल तर खडूच्या दगडाची वाट साबणासारखी होते, सासऱ्यांना चपला घालून देऊ नका. पँट लांब घाला, नेटल (खाज आणणारं झुडूप) लागलं की पोरं घर डोक्यावर घेतात, आणि रात्री गुडघ्यामागे गोचीड बघा.

धागाकर्ती :

दोन तुकड्यांचं नवऱ्याला एकदम पटलं, का ते मला कळतंय 😄 कॅफेजवळ बसायला मिळणार ना. सासरे आत्ताच विचारतायत, वहीत सही मराठीत केली तर चालते का?

खडूची माती :

खुशाल करू दे. ॲपवर सापडल्याची नोंद (लॉग) करताना मात्र तुमच्या अकाउंटने करा. नॅनो (मायक्रोहूनही लहान) डबी असली तर आतली पट्टी बोटाएवढीही रुंद नसते, तिथे आद्याक्षरं आणि तारीख बास. पेन घरून न्या, लहान डब्यात पेन बसतच नाही, आणि दोन न्या, एक धाकटा हरवणार.