फेझला तीन दिवस, सोबत सासू-सासरे, सल्ला हवाय

रानपाखरू:
ऑक्टोबरात गुरुवार ते रविवार मोरोक्कोतल्या फेझला जायचं ठरतंय. आम्ही दोघं जर्मनीत राहतो, सासू-सासरे पुण्याहून आलेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी. विमान सोडून चौघांचं मिळून ५०० युरो, त्याच्या वर जायचं नाहीये. राहायचं कुठे, गाईड घ्यावा का, एक दिवस शेफशावन या निळ्या गावाला जावं का?

भटकभवानी:
रियादमध्येच (जुन्या वाड्याचं हॉटेल) राहा!! मधे चौक, कारंजं, भिंतीभर झेलिज टाइल्स. आम्ही राहिलो तो रात्रीचे २०० युरो घेत होता पण पैसा वसूल. मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, राहिलं नाही तर फेझ बघितलंच नाही. आणि एवढं जाताय तर मर्झुगाचं वाळवंट कराच.

कोकणी_खवय्या:
मर्झुगा एका बाजूने सात-आठ तास आहे, त्यांना काय गाडीतच बसवून ठेवणार? खाण्याचं सांगतो. हरिरा सूप शाकाहारी समजू नका, बरेचदा मटण असतं, शुक्रवारच्या कुसकुसवर (रव्याचा पदार्थ) नुसत्या भाज्या दिसल्या तरी रस्सा मटणाचा निघू शकतो, विचारून घ्या. बिसारा मागा, कडधान्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल नि जिरेपूड. आणि झालूक, वांगं-टोमॅटो, जवळपास आपलं भरीतच. खोब्झ पावाबरोबर स्वस्तात पोट भरतं.

घाटवाट:
रियाद +१. गाईड बिल्लेवालाच घ्या. आमच्या मागे एक पोरगा लागला, पुढे रस्ता बंद आहे म्हणत कातड्याच्या दुकानात नेलं आणि वर पैशांवरून शिव्या दिल्या. पण शुआरा या कातडी कमावण्याच्या जागेचे रंगाचे हौद बघाच. दुकानांच्या गच्चीवरून दिसतात, वास मारतो म्हणून हातात पुदिना देतात, कातडं कमवायला चुना आणि कबुतराची विष्ठा वापरतात ना. मी जॅकेट घेतलं, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात, अजून नव्यासारखं आहे.

इतिहासवेडा:
करावियीन चुकवू नका. फातिमा अल-फिहरी या बाईंनी ८५९ मध्ये सुरू केलेलं, जगातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ.

नाशिककर:
नालंदा त्याहून जुनं, पाचव्या शतकातलं.

इतिहासवेडा:
नालंदा बंद पडलं हो, हे अखंड चालू आहे. गिनीजमध्येही तशी नोंद आहे.

नाशिककर:
८५९ मध्ये मशीद बांधली, विद्यापीठाचा दर्जा विसाव्या शतकातला. शिवाय मुस्लिम नसलेल्यांना मशिदीत सोडत नाहीत, दारातूनच बघायचं. त्यापेक्षा अत्तारीन आणि बू इनानिया हे चौदाव्या शतकातले मदरसे बघा, तिकीट काढून आत जाता येतं, लाकडावरचं कोरीवकाम बघत बसावं असं आहे.

सावली:
गुडघ्यांचं कुणी बोलतच नाहीये. बाब बू जलूद हा निळा दरवाजा वरच्या अंगाला आहे, तिथून तालआ कबीरा गल्ली करावियीनपर्यंत उतरत जाते. आत गाड्या नाहीत, फक्त गाढवं-खेचरं. उतरत जा पण तोच चढ परत चढू नका, खाली रसीफ चौकापर्यंत टॅक्सी येते, तिथून लाल ‘पती’ म्हणजे छोटी टॅक्सी धरा. एकीत तिघांनाच घेतात, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. रियादचे जिने उंच असतात, लिफ्ट बहुतेक नसतेच. शुक्रवारी मदिनेतली बरीच दुकानं बंद असतात. आणि मुख्य म्हणजे सासू-सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का बघा, मोरोक्को शेंगेनबाहेर आहे, सिंगल असेल तर परत जर्मनीत येता येणार नाही.

भटकभवानी:
खालच्या मजल्यावरची खोली मागायची की, जिन्याचा प्रश्नच नाही. आणि शेफशावन सोडू नका, निळ्या गल्ल्यांत फोटो काय येतात!

रानपाखरू:
सगळ्यांचे आभार. सावली, व्हिसा मल्टिपलच आहे, मोरोक्कोच्या ई-व्हिसाचेही अर्ज भरलेत. सगळे रियाद म्हणताय तरी नव्या शहरात स्टेशनजवळ लिफ्टवालं हॉटेल बुक केलं, ५०० मध्ये तेच बसतंय. गाईड नाही, ऑफलाइन नकाशा. शेफशावन एका बाजूने चार तास, ते रद्द. शुक्रवारी दुकानं बंद तर मोठी टॅक्सी करून व्होलुबिलिसचे रोमन अवशेष, सासऱ्यांना रोमन मोझेक बघायचेत. मदिना शनिवारी, वरून खाली, रसीफला बाहेर.

भटकभवानी:
एक रात्र तरी रियाद करा गं.

घाटवाट:
गाईडशिवाय जाऊ नका, परत सांगतो.