कोथरूडच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) फोटोत येतच नाही, फिल्टर घेऊ का?

गच्चीवाला
नमस्कार मंडळी. क्रॉप सेन्सरचा जुना कॅनन (मॉडिफाय केलेला नाही), 135 एमएमची लेन्स आणि छोटा ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र), एवढंच सामान आहे. मृगातला तेजोमेघ बऱ्यापैकी येतो, कृत्तिकाही ठीक, पण देवयानी म्हटलं की मधला गाभा तेवढा पांढरा आणि बाकी सगळी नुसती पेज. फाटे (दीर्घिकेचे सर्पिल बाहू) नाहीत, धुळीचे पट्टे नाहीत. दीड मिनिटाचं एक्सपोजर दिलं तर अख्खी फ्रेम नारिंगी होते. ड्युअल नॅरोबँड फिल्टर घ्यायचा विचार चाललाय, खिशाला जड आहे म्हणून आधी विचारतोय. शिवाय उत्तरेला टॉवर झालाय, ट्रॅकर ज्याच्याकडे रोखून लावायचा तो ध्रुवच दिसत नाही.

रात्रपाळी
देवयानीसाठी घेत असाल तर नका घेऊ. तो फिल्टर हायड्रोजनची 656 आणि ऑक्सिजनची 500 नॅनोमीटरच्या आसपासची पट्टी सोडतो, बाकी सगळं अडवतो. तेजोमेघ चमकतो तोच या रेषांमध्ये, त्यामुळे तिथे जादू होते. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला, मग शहराच्या दिव्यांबरोबर तोही कापला जातो आणि हातात काय राहतं?

आता हिशोब बघा. शहरातलं आकाश साधारण 18 मॅग्निट्यूड प्रति चौरस आर्कसेकंद (आकाशाच्या उजेडाचं माप, आकडा जितका मोठा तितका काळोख जास्त) धरा, चांगल्या काळोख्या जागी 21. फरक 3 मॅग्निट्यूडचा, म्हणजे जवळजवळ 16 पट उजेड! अंधुक फाट्यांसाठी तिथला एक तास म्हणजे गच्चीवरचे सोळा तास. पैसे पेट्रोलवर घाला.

एचअल्फा
रात्रपाळींचं दीर्घिकेबद्दल बरोबर आहे, पण फिल्टरला एवढं धोपटू नका हो. आपल्याकडे चार महिने पावसात जातात, उरलेल्यात निम्म्या रात्री चंद्र, आणि नोकरीवाल्या माणसाला दर अमावस्येला गाव कुठे गाठता येतं. काक्षीच्या (मृगातला लाल तारा, बीटलज्यूस) पूर्वेचा रोझेट तेजोमेघ नॅरोबँडने शहरातून, चंद्र असतानाही मस्त येतो. आणि 2022 मध्ये ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी लोकांनी खुद्द देवयानीच्या शेजारी चमकत्या ऑक्सिजन वायूची भलीमोठी कमान शोधली, ती नॅरोबँडनेच. फक्त एक, तुमचा कॅमेरा मॉडिफाय नाही म्हणजे आतला फिल्टर हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश आधीच खातोय. आधी ते काम करून घ्या, मग पुढचं.

गच्चीवाला
म्हणजे गच्चीवरून देवयानी सोडूनच द्यायची? 😅

रात्रपाळी
सोडायची कशाला. एक्सपोजर 30 सेकंदांवर आणा, हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख) डोंगर डावीकडून एक तृतीयांशावर आला की पुरे. मग फ्रेम्स भरपूर घ्या, चौपट फ्रेम्स घेतल्या की सिग्नल-टू-नॉईज (खऱ्या प्रकाशाचं खरखरीशी प्रमाण) दुप्पट होतो, तेव्हा अर्ध्या तासावर समाधान मानू नका. आणि फ्लॅट्स, म्हणजे लेन्सचा काळेपणा दुरुस्त करायला काढलेले सपाट उजेडाचे फोटो! लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून, फोकस आणि अ‍ॅपर्चर न हलवता, सकाळच्या आकाशाकडे रोखून काढा. ते नसले तर कोपऱ्यांचा काळेपणा आणि दिव्यांचा ग्रेडियंट (एका बाजूने चढत जाणारा उजेड) एकमेकांत असे मिसळतात की सिरिल सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड काढताना फाटेसुद्धा पुसले जातात. स्टॅकिंगसाठी (अनेक फ्रेम्स एकत्र करायला) सिरिल फुकट आहे, बॅकग्राउंड काढणारं ग्रॅक्सपर्टही.

वेल्हेकर
ध्रुवाचं म्हणाल तर पुण्यात तो जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, टॉवर काय, साधी चार मजली बिल्डिंगही त्याला झाकते. 30 सेकंदांना होकायंत्र आणि अक्षांशाच्या अंदाजाने लावलेला ट्रॅकर कदाचित चालून जाईल, जास्त हवं असेल तर जागा बदला.

नोव्हेंबरात अमावस्येच्या शनिवारी पुण्याच्या नैऋत्येला वेल्ह्याकडे या. पुण्याचा उजेड तिथून ईशान्येला दिसतो आणि देवयानी नेमकी तिकडूनच वर येते, म्हणून अंधार पडल्या पडल्या घाई करू नका, नऊच्या सुमारास ती डोक्याच्या जवळ आली की सुरू करा. लेन्सला गुंडाळायचा हीटर आणा, धरणाच्या बाजूला मध्यरात्रीनंतर काचेवर दव बसतं आणि निम्म्या फ्रेम्स फुकट जातात. जेवण घरून आणा, रात्री तिथे काही मिळत नाही.