गूगल क्लासरूमचा वर्ग संपवताना: अर्काइव्हआधी काय उरकायचं?

प्रश्न: सत्र संपलं. वर्ग थेट डिलीट केला तर चालेल का? गुणांच्या सीएसव्हीत (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीत) मराठी नावांऐवजी अगम्य चिन्हं दिसतात, त्याचं काय करू?

उत्तर १: मॅडम, आधी अर्काइव्ह करा, म्हणजे वर्ग बंद करून जपून ठेवा; त्याशिवाय डिलीट होतच नाही. अर्काइव्ह केल्यावर मुलांना साहित्य दिसतं, पण काही जमा करता येत नाही. म्हणून त्याआधी सगळ्या असाइनमेंट ‘रिटर्न’ करा, म्हणजे तपासून मुलांना परत पाठवा. नुसते गुण भरून ठेवले तर ते मुलांना दिसत नाहीत, आणि हेच हमखास राहून जातं!

उत्तर २: सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. एक्सेल एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) चुकीचं धरतं. कोरी शीट उघडा, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडा, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ यूटीएफ-८, मग लोड. नावं स्वच्छ दिसतील. नाहीतर गुण सरळ गूगल शीटमध्येच कॉपी करा.

उत्तर ३: गूगल मीटवर घेतलेल्या ऑनलाइन तासांची रेकॉर्डिंग सहसा मीटिंग ठरवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये असतात. कंत्राटी प्राध्यापकांचं खातं बंद व्हायच्या आत ती विभागाच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवाच. तिथे फाइलची मालकी संस्थेकडे राहते.

प्रश्नकर्ती: गुण शीटमध्ये घेतले, नावं नीट आली. आता रिटर्न करायला बसते.