मदत हवी आहे: विमा कंपनीच्या जळगावातल्या कार्यालयासमोर धरणे धरताना काय सांभाळावे?

केळीबाग_यावल
राम राम मंडळी. रावेर-यावलचे आम्ही साठ-सत्तर केळी उत्पादक. फळपीक विम्याची भरपाई अडली आहे, अर्जविनंत्या करून झाल्या. आता कंपनीच्या जळगावातल्या कार्यालयासमोर एक दिवस शांततेत बसायचे आहे. कार्यालय कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली वाहता रस्ता. काही जण टाळे ठोकू म्हणतात, काही रस्त्यावर केळी ओतू म्हणतात. पोलीस भरतीची तयारी करणारी तीन-चार पोरेही येणार आहेत. गुन्हे कशाकशाने लागतात?

कोर्टकचेरी_धुळे
भाऊ, टाळ्याचे आधी डोक्यातून काढा. आत कर्मचारी असताना कुलूप लावले की भारतीय न्याय संहितेचे कलम १२७, नुसते दार अडवले तरी १२६. त्या वेळी कृषी खात्याचा माणूस कामावर हजर असेल आणि त्याच्याशी झटापट झाली तर १३२, आणि ते अजामीनपात्र.

केळीही ओतू नका. डांबरावर चिखल झाला की दुचाकी घसरते. रस्त्यात अडथळा म्हणून २८५ लागते आणि कोणी पडले तर दुखापतीचे कलम वेगळे. दोन-चार घड बॅनरखाली नीट मांडून ठेवा, फोटोत तेच दिसेल.

जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७(१)(३) लागू आहे का, ते ठाण्यात विचारा. सणासुदीला, निवडणुकीला हा आदेश निघतोच. ३७(३) मध्ये पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला बंदी येते. ३७(१) मध्ये काठ्या, दगड, पुतळा किंवा प्रतीकात्मक प्रेत, अगदी घोषणाही येऊ शकतात. मोडला तर कलम १३५. म्हणून झेंड्याला काठी लावू नका, फलक दोरीने गळ्यात अडकवा. एकाने काच फोडली तरी 'समान उद्देश' दाखवून बाकीच्यांची नावे न्याय संहितेच्या १९० खाली ओढली जातात. दगड उचलणारा हात जागीच धरायला पाच-सहा शांत डोक्याची माणसे नेमा.

निवेदनवाला_चोपडा
कागद पक्के करा. आठ दिवस आधी निवेदन द्या: पोलीस ठाणे, उपविभागीय पोलीस अधिकारी, जिल्हाधिकारी. चौथी प्रत तुमची, तिच्यावर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख तिन्ही हवेत. नुसत्या सहीची पोच नंतर कामाला येत नाही. निवेदनात जागा, वेळ, संख्या आणि दोन जबाबदार नावे लिहा. 'आत्मदहन' हा शब्द चुकूनही नको, आदल्या रात्रीच पोलीस घरी येतात.

बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांची आगाऊ ताकीद देणारी नोटीस येईल (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४९). घ्यायला नकार देऊ नका. 'प्रत मिळाली' आणि वेळ लिहून सही करा.

पायऱ्या आणि पार्किंग खासगी जागा आहे, तिथे बसायचा हक्क नाही. गेटसमोर दहा फूट वाट सोडून दोन्ही बाजूंना फक्कीची रेघ मारा आणि कोणी आत-बाहेर करताना व्हिडिओ काढत राहा. 'वाट अडवली' या तक्रारीला तेच उत्तर. कंपनीने दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला तर प्रत मागा आणि त्यात लिहिलेल्या अंतराबाहेर सरका, वाद घालू नका. फलकावर कुणा अधिकाऱ्याचे नाव घालून 'चोर' लिहू नका, बदनामीचा दावा होतो. थकलेली रक्कम लिहा.

भोंग्याला लेखी परवानगी लागते. दवाखाना, शाळा किंवा कोर्टाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. कॉम्प्लेक्समध्ये दवाखाना आहे का, आधी बघून या.

केळीबाग_यावल
फार उपयोगी, दादा. उचलून नेले तर? आणि पोरांचे काय?

कोर्टकचेरी_धुळे
पहिला प्रश्न: 'ताब्यात घेतले की अटक?' महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६८-६९ खाली हटवून संध्याकाळी सोडले तर ती अटक नाही. अटक असेल तर कारण सांगणे आणि घरच्यांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. बायांना सूर्यास्तानंतर अपवाद वगळता अटक करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईल काढून घेतात.

पोरांना पहिल्या फळीत बसवू नका. पाण्याच्या जारपाशी, व्हिडिओच्या कामाला ठेवा. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो दिसतो, आणि फॉर्ममध्ये लपवला तर निवड तेवढ्यावरही रद्द होते. खरे तर त्यांना घरीच ठेवा.

केळीबाग_यावल
पोरे येणार नाहीत. निवेदन सोमवारी देतो, आवक क्रमांक इथे टाकतो.